दहा बोकडांचा हिशेब

केंद्र सरकारने २६ मार्च २००१ रोजी कत्तलखान्यांचे नियम प्रसिद्ध केले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा त्यांचा आधार. या नियमांच्या सुरुवातीला ज्या व्याख्या आहेत, त्यांत कत्तलखाना म्हणजे काय ते सांगितले आहे: जिथे दिवसाला दहा किंवा त्याहून जास्त जनावरे कापली जातात आणि ज्याला कायद्याने परवाना किंवा मान्यता आहे, अशी जागा. लगेच पुढच्या नियमात मनाई येते. नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कुणीही जनावर कापायचे नाही.

दहा वर्षांनी दुसरा कागद आला. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालचे परवाना आणि नोंदणीचे विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्यांनी लहान व्यावसायिकाला सवलत दिली. ज्याची क्षमता दिवसाला दोन मोठी जनावरे, दहा लहान जनावरे किंवा पन्नास कोंबड्या यापेक्षा जास्त नाही, त्याने परवाना घ्यायची गरज नाही, नोंदणी पुरे.

हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की रविवारी सहा बोकड कापणारा खाटीक मोठ्या पेचात सापडतो. पहिल्या कागदाप्रमाणे त्याची जागा कत्तलखाना ठरत नाही, कारण सहा म्हणजे दहा नव्हेत; आणि कत्तलखाना नाही म्हणून तिथे कापायलाही बंदी. दुसऱ्या कागदाप्रमाणे मात्र तो नोंदणी करून घेण्यास पात्र असा अन्न व्यावसायिक आहे. एकाच माणसाला एक खाते कापू नकोस म्हणते आणि दुसरे विचारते, किती कापतोस ते लिहून दे. सरकारी बाजूने याचा मेळ घालता येतो, नाही असे नाही. नोंदणी म्हणजे कापण्याची परवानगी नव्हे, स्थानिक संस्थेचा ना-हरकत दाखला वेगळा लागतो, वगैरे. पण हा मेळ वकिलाच्या टेबलावर बसतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या एकमेकांना चिकटलेल्या तीन गावांच्या बाजारात तो कसा बसत असेल, हे समजायचे तर मागे जाऊन कागद सुरुवातीपासून वाचावे लागतात.

या कागदांची सुरुवात या तीन गावांत झाली नाही, मुंबईत झाली. आर्थर क्रॉफर्ड १८६५ ते १८७१ या काळात मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. त्याच्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी टिकल्या. एक म्हणजे त्याच्या नावाचा बाजार, ज्याच्या बांधकामाचे वर्ष १८६९ दिले जाते. दुसरी, भर वस्तीतला कत्तलखाना उचलून वांद्र्याला नेणे. वांद्रे तेव्हा मुंबई शहरात नव्हते, ठाणे जिल्ह्यात होते. म्हणजे मुंबईने आपले मटण आपल्या बाजारात ठेवले आणि रक्त, आतडी आणि वास शेजारच्या जिल्ह्याच्या दारात नेऊन टाकला. याला मी दोष देत नाही. त्या काळच्या वैद्यकात दुर्गंधी हेच रोगाचे मूळ मानले जाई आणि त्या समजुतीने पाहिले तर हा शहाणपणाचाच निर्णय होता. हा कत्तलखाना पुढे शंभर वर्षे तिथेच राहिला आणि १९७१ मध्ये देवनारला गेला.

ही समजूत कायद्याच्या भाषेतही उतरली. १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गावांसाठीचा १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा या दोन्हींत बाजार आणि कत्तलखाने यांची एकत्र मोट बांधलेली दिसते. नगरपालिकेने ते बांधावेत, राखावेत, भाडे घ्यावे. तिच्या अधिकाऱ्याने वाजवी वेळी आत शिरून पाहावे. खाण्यास अयोग्य माल दिसला तर जप्त करून नष्ट करावा. त्यात जागेवर लक्ष आहे. फरशी कशी, नाली कुठे जाते, पाणी आहे का, माल सडका दिसतो का. जनावर जिवंत असताना कसे होते, हा प्रश्न त्या भाषेत फारसा डोकावत नाही. नाक आणि डोळे शाबूत असलेला कोणताही सॅनिटरी इन्स्पेक्टर हे काम करू शकत होता, आणि तेच त्याच्याकडून अपेक्षित होते.

कल्याणहून पळसदरीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. अंबरनाथ आणि बदलापूर याच मार्गावर आहेत. पण त्यानंतरही बराच काळ ती खेडीच होती. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांच्या गावांत बोकड कापायचा तो जत्रेला, नवसाला, लग्नाला. गावासमोर कापलेल्या जनावराला इन्स्पेक्टर लागत नाही, कारण ते कुणाचे होते आणि काल चरत होते की आजारी पडून होते, हे सगळ्यांना माहीत असते. तपासणी ही अनोळखी माणसांच्या बाजाराची गरज आहे. जनावर कुठून आले हे गिऱ्हाइकाला कळेनासे होते, तिथून ती सुरू व्हायला हवी.

अनोळखी माणसांचा बाजार इथे आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि एकदम. कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती, दोन हजारांहून जास्त बराकींची. लष्कर आपल्या जवानांसाठीच्या मांसाची तपासणी आपल्या पशुवैद्यकांकडून करून घेते, ती त्याची जुनी शिस्त. युद्ध संपले, सैन्य गेले, फाळणी झाली, आणि १९४७ पासून या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली लाखभर माणसे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर झाले. बराकी, रस्ते आणि 'कॅम्प' हा शब्द लष्कराकडून वसाहतीला मिळाला. लोक आजही कॅम्प नंबर एक ते पाच असाच पत्ता सांगतात. मांस तपासणारा पशुवैद्यक मात्र पलटणीचा होता, जागेचा नव्हता.

आणि ही वस्ती मांसाहारी होती. सिंधी हिंदूंच्या स्वयंपाकात मटण आणि मासे घरचे आहेत. निर्वासितांच्या वसाहतीत दुकान काढणे हाच जगण्याचा मार्ग होता, त्यामुळे उल्हासनगर आधी बाजार झाले आणि मग नगरपालिका. नगरपालिका १९६० मध्ये आली. आधीची तेरा वर्षे वसाहतीचा कारभार सरकारी पुनर्वसन यंत्रणेकडे होता, आणि छप्पर, पाणी, शिधा यांपुढे अशा यंत्रणेला बाकी सगळे दुय्यम असते. १९६१ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या लाखाच्या वर नोंदली गेली. लाखभर माणसांचा बाजार एका वर्षाच्या नगरपालिकेच्या हाती होता, यावरून पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

मधल्या काळात दिल्लीहून दुसरा विचार आला होता. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्याने जागेऐवजी नमुन्याकडे लक्ष वळवले. अन्न निरीक्षक येणार, नमुना घेणार, त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करणार, एक भाग सरकारी विश्लेषकाकडे जाणार. दूध, तूप, तेल, हळद यांच्यासाठी ही पद्धत उत्तम. रोगी जनावराचा अंश असलेले अन्नही या कायद्याच्या व्याख्येत भेसळयुक्तच ठरत होते. पण बाटलीतल्या नमुन्यावरून बोकडाच्या यकृतात पर्णकृमी होते की नाही हे कसे कळणार? ते यकृत पोट फाडल्या फाडल्या हातात घेऊन, कापून पाहावे लागते. फुप्फुसावरचे पाण्याचे फोड, सुजलेल्या लसग्रंथी, कावीळ झालेली चरबी, हे सगळे त्या पहिल्या काही मिनिटांत दिसते. एकदा तुकडे होऊन आकड्याला लटकले की कलेजी वेगळी, वजडी वेगळी, मुंडी चौथ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत. मग प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्याकडे फक्त ताजे की शिळे एवढाच प्रश्न उरतो.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्याने जुने कायदे मोडीत काढले. त्याच्या ४९ व्या कलमात नगरपालिकेच्या कर्तव्यांची यादी आहे, आणि रस्ते, गटारे, मुताऱ्यांच्या रांगेत बाजार आणि कत्तलखाने बसवले आहेत. १९०१ ची मोट जशीच्या तशी पुढे आली. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अठराव्या क्रमांकावर कत्तलखाने आणि चामडे कमावण्याच्या जागांचे नियमन हा विषय आहे. ती दुरुस्ती जून १९९३ मध्ये लागू झाली. म्हणजे शंभर वर्षांत जबाबदारी नगरपालिकेचीच आहे, यावर कधी वाद झाला नाही. वाद झाला असता तर बरे झाले असते. निदान कागद तरी साचले असते.

त्यातच या तीन गावांच्या सीमा हलत राहिल्या. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात गेली. उल्हासनगर बाहेर, आपल्या नगरपालिकेत. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर पुन्हा वेगळी होऊन नगरपालिकेच्या कायद्याखाली आली. १९९६ मध्ये उल्हासनगरची महापालिका झाली आणि ते १९४९ च्या महापालिका कायद्याखाली गेले. एकाच वालधुनी नदीच्या काठावरच्या शेजारी गावांपैकी एकात आज आयुक्त, दुसऱ्यात मुख्याधिकारी. एकाला एक कायदा, दुसऱ्याला दुसरा. अंबरनाथ-बदलापूरच्या मटणाच्या दुकानाला याचा अर्थ इतकाच, की परवाना ज्याने दिला ते कार्यालयच दहा वर्षांत दोनदा बदलले. प्रत्येक विभाजनात कर्मचारी, कर आणि देणी यांची वाटणी होते. तपासणीच्या वह्या कुणी कुणाला दिल्या, याची चिंता करणारा प्रशासक मी तरी ऐकलेला नाही.

याच कल्याण महापालिकेचा एक कागद मात्र दणकट निघाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. राज्यभर गदारोळ झाला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही नापसंती दाखवली. महापालिकेने आधार दिला तो १९ डिसेंबर १९८८ च्या प्रशासकीय ठरावाचा. तारीख नीट पाहावी. १९८८ मध्ये या महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते. पहिली निवडणूक १९९५ ची. आणि तेव्हा अंबरनाथ-बदलापूर तिच्या हद्दीत होती. म्हणजे या दोन गावांच्या मटणाबद्दल प्रशासकाने घेतलेला एक निर्णय सदतीस वर्षांनी तारखेसकट सापडतो. दुकान कोणत्या दिवशी बंद ठेवायचे, हे आपल्या कार्यालयांना पक्के आठवते. उरलेल्या दिवशी उघड्या दुकानात काय तपासायचे, हे आठवण्यासाठी असा ठराव कुणी हुडकून काढल्याचे मला माहीत नाही.

गोवंशाबद्दलही तेच. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी आणि बैल, म्हशी, पारडी यांच्यासाठी दाखल्याची अट घातली. १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि बैलही बंदीत आले. ६ मे २०१६ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, राज्याबाहेरून आलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. या विषयावर कागदांचा डोंगर आहे. शेळी आणि मेंढी या कायद्याच्या परिशिष्टात नाहीतच. जे जनावर या तीन गावांत दर रविवारी खरोखर खाल्ले जाते, त्याच्याबद्दलची फाइल सगळ्यात बारीक.

आता पुन्हा २००१ च्या नियमांकडे. क्रूरतेच्या कायद्याखाली आलेले हे नियम सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने आजवरचे सर्वांत नेमके आहेत, हे थोडे गमतीचे आहे. गाभण जनावर कापायचे नाही, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू कापायचे नाही, पशुवैद्यकाचा दाखला नसलेले कापायचे नाही. तपासणीनंतर जनावराला चोवीस तास विश्रांती. एका जनावराच्या डोळ्यांदेखत दुसरे कापायचे नाही. आणि पशुवैद्यकाने तासाला बारा आणि दिवसाला शहाण्णव यांपेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. बारा म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. शहाण्णव म्हणजे आठ तासांचा दिवस. ज्याने हा आकडा घातला त्याने प्रत्यक्ष काम पाहिले असावे. चाल, डोळे, नाकातला स्राव, ताप, कासेची किंवा खुराची जखम, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतातच.

हा आकडा धरून एक अंदाज करता येतो. तो अंदाजच आहे, मोजणी नव्हे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची सुमारे २,५३,००० आणि बदलापूरची १,७४,२२६. एकूण नऊ लाख तेहतीस हजार. पाच माणसांचे घर धरले तर १,८६,००० च्या वर घरे. त्यांतल्या दहांतल्या फक्त एका घराने रविवारी अर्धा किलो मटण घेतले असे मानू. गटारीच्या आधीच्या रविवारी हा आकडा किती वर जातो हे सांगायला नको. सव्वानऊ हजार किलोच्या वर मटण झाले. एका बोकडाचे दहा किलो मटण धरले तर नऊशे तीस बोकड. शहाण्णवने भागा: एका सामान्य रविवारी दहा पशुवैद्यक, प्रत्येकी आठ तास, दुसरे काहीही न करता. शिवाय नियमाप्रमाणे तपासणी चोवीस तास आधी, म्हणजे शनिवारी. आणि मटणाच्या दुकानावर रांग लागते ती रविवारी सकाळी, जेव्हा महापालिकेचे कार्यालय बंद असते. १९०१ च्या कायद्यातली 'वाजवी वेळ' साप्ताहिक सुट्टीला कधी येत नाही.

याच नियमांत एक कलम आहे, जे या हिशेबाचे उत्तर आधीच मागून बसले आहे. कत्तलखान्याची क्षमता आणि स्थानिक लोकांची गरज पाहून दिवसाला जास्तीत जास्त किती जनावरे कापता येतील, ते स्थानिक संस्थेने ठरवायचे. म्हणजे माझ्यासारख्याने पाठकोऱ्या कागदावर केलेला भागाकार खरे तर पालिकेने अधिकृतपणे करून ठेवायला हवा. २००३ च्या लक्ष्मी नारायण मोदी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राज्यांना कत्तलखान्यांवर देखरेख करणाऱ्या समित्यांबद्दल आदेश दिले, तेही याच नियमांच्या अंमलबजावणीसाठी.

२०११ च्या विनियमांनी लक्ष पुन्हा दुकानाकडे आणले. चौथ्या अनुसूचीच्या मांसाच्या भागात दुकान डोळ्यांसमोर उभे राहील इतका तपशील आहे: भिंतीला पाच फुटांपर्यंत फरश्या, न गंजणारे आकडे, पोलादी सुरे, मांस तोडायचा ओंडका लाकडी असेल तर भुसा न सुटणारा, ८२ अंशांचे गरम पाणी, पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा, धार्मिक स्थळापासून ५० मीटर अंतर, थेट प्रवेशद्वारासमोर असेल तर १००. अंतराच्या अटीवरून तक्रारी होतात आणि कारवाईही होते. गरम पाण्याच्या अटीवरून मोर्चा निघालेला कुणी पाहिला आहे का? हात घातला तर भाजेल इतके पाणी सुऱ्यावरून गेले की नाही, यावर गिऱ्हाइकाचे पोट अवलंबून असते; पण ते मोजपट्टीने मोजता येत नाही.

कोंबडीचा प्रश्न तर वेगळाच. ब्रॉयलर कोंबडी पिंजऱ्यातून थेट गिऱ्हाइकासमोर कापली जाते, आणि ताजेपणाचा पुरावा म्हणून लोकांना तेच हवे असते. कोंबडी कायद्याच्या दृष्टीने 'प्राणी' धरायची की नाही, यावर २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात गंभीरपणे युक्तिवाद झाले. हसण्यासारखे वाटते, पण फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला आणि आसपासच्या कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. त्या वेळी पशुसंवर्धन खाते धावले. खुराड्यातली कोंबडी पशुसंवर्धनाची, पिंजऱ्यातली पालिकेची, ताटातली अन्न व औषध प्रशासनाची. घटनेच्या सातव्या अनुसूचीतही तिची अशीच वाटणी आहे: राज्यसूचीत सार्वजनिक आरोग्य सहाव्या नोंदीत, जनावरांचे रोग पंधराव्या, बाजार अठ्ठाविसाव्या, समवर्ती सूचीत क्रूरता सतराव्या आणि भेसळ अठराव्या. नोंदी पाच, आणि सुरा एकाच माणसाच्या हातात.

त्या माणसाला सगळ्या दोषाचा धनी करणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. तपासणीची सोय असलेला कत्तलखाना गावात चालता ठेवणे हे खाटकाचे कर्तव्य नाही, कायद्याप्रमाणे ते पालिकेचे आहे. सोय नसताना दुकानामागे कापणाऱ्याला दंड करून पालिका आपल्याच कसुरीचे पैसे वसूल करते.

या तिन्ही गावांत राहणाऱ्या वाचकांना एक करता येईल. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, फी दहा रुपये. आपल्या पालिकेला एवढेच विचारा: २००१ च्या नियमांप्रमाणे आपल्या हद्दीत दिवसाला जास्तीत जास्त किती जनावरे कापायची ते कोणत्या तारखेला ठरवले, ती तपासायला किती पशुवैद्यक नेमले आहेत, आणि गेल्या वर्षी त्यांनी किती जनावरे तपासून किती नाकारली. नाकारलेल्यांचा आकडा शून्य आला, तर तपासणी झालेली नाही असे खुशाल समजा. नऊ लाख माणसांच्या बाजारात वर्षभर एकही आजारी बोकड येत नाही, असे होत नसते.